कानात सांगितलेले नाव

मंगळवार, रात्री साडेदहा

दादाच्या मुलाला येत्या रविवारी तेरा वर्षे पूर्ण होत आहेत. काल त्याने फोन करून मला विचारले, "आत्या, तू सध्या काय वाचते आहेस? आणि मला जादूची, साहसाची अशी पुस्तकं सांग, जी वाचून संपली तरी डोक्यातून जाणार नाहीत." प्रश्न साधा होता, परंतु त्याला घाईघाईने चार नावे सांगून मोकळे होणे मला बरे वाटेना. या वयात हाती पडलेले एखादे पुस्तक वाचनाची गोडी कायमची लावते किंवा कायमची घालवते, हे मी स्वतःच्या अनुभवाने जाणते. म्हणून या आठवड्यात रोज रात्री थोडा वेळ काढून, मला कोणती पुस्तके आवडली आणि का आवडली हे लिहून पाहायचे आणि मगच त्याला यादी द्यायची, असे ठरवले आहे.

सध्या माझ्या पिशवीत अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही १९६८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आहे आणि हे माझे तिचे तिसरे वाचन आहे. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक पोर आपल्या मावशीकडून, म्हणजे गावातल्या चेटकिणीकडून, पहिले मंत्र शिकतो, पुढे रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत दाखल होतो आणि तेथे केवळ आपले सामर्थ्य दाखवण्याच्या ईर्ष्येपायी करू नये ते करून बसतो. त्या क्षणी जगात शिरलेली एक काळी सावली त्याच्या पाठीस लागते. आधी तो तिच्यापासून पळत राहतो आणि नंतर होडी घेऊन तिच्याच मागावर निघतो. कादंबरीचा मोठा भाग म्हणजे हा प्रवास होय. राजपुत्र, सैन्य, लढाया यांतले फारसे काहीच तिच्यात नाही, तरीही पुस्तक मिटून खाली ठेवणे जड जाते.

या कादंबरीतली जादू नावांवर चालते. प्रत्येक माणसाला, प्राण्याला, दगडाला एक खरे नाव असते, आणि ते ज्याला ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून लोक परस्परांना हाक मारण्यापुरते निराळे नाव वापरतात आणि खरे नाव अगदी जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी थबकले होते, कारण हे मला नवे वाटलेच नाही. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून आलेले नावरस नाव पत्रिकेच्या कागदात राहते आणि व्यवहारात वेगळे नाव चालते. कादंबरीतल्या मुलाला तेराव्या वर्षी थंडगार पाण्यातून चालत पलीकडच्या काठावर यावे लागते आणि तेथे वाट पाहत उभा असलेला वृद्ध जादूगार त्याच्या कानात त्याचे खरे नाव सांगतो. आपल्या बारशात हा मान आत्याचा असतो. दादाच्या मुलाच्या पाळण्यापाशी वाकून त्याच्या इवल्याशा कानात मीच 'कुर्रर्र' केले होते, आणि त्या वेळी माझा आवाज कापत होता, हे मला आज हे पान वाचताना लख्ख आठवले.

बुधवार, रात्री

आज सकाळी मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या धीम्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. कुर्ल्याच्या पुढे गाडी पावसामुळे पंधरा-वीस मिनिटे थांबली, तेव्हा मी अर्थसीचा, म्हणजे त्या कादंबरीतल्या जगाचा, नकाशा उघडून बसले. त्यात शेकडो बेटे आहेत. ले ग्विन यांनी ही कादंबरी लिहायला घेतली ती आधी नकाशा काढून, आणि ते वाचताना जाणवते. कोणत्या बेटावरून कोणत्या बेटाला जायला किती दिवस लागतात, वारा कुठला हवा, शिधा किती पुरेल, याचा हिशेब कुठेही सुटत नाही.

मग गाडी हलली आणि शीव आले. इंग्रजी पाटीवर 'सायन' असले तरी मराठी नाव शीव आहे, आणि शीव म्हणजे सीमा. एकीकडे साष्टी बेट, दुसरीकडे मुंबईची बेटे, आणि मधली ही वेस. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, माहीम आणि वरळी ही सात बेटे भरावाने एकमेकांना जोडली गेली, पण मी रोज ज्या रुळांवरून कामाला जाते त्यांच्याखाली कुठेतरी खाडीच्या जुन्या तोंडांची ओल आहे, हे त्या नकाशामुळे मला प्रथमच अंगात भिनल्यासारखे जाणवले. ज्या स्थानकाचे नाव मी वर्षानुवर्षे नुसते ऐकत आले, ते त्या जागेचे खरे नाव निघाले.

याच कादंबरीतला आणखी एक विचार मला फार मोलाचा वाटतो. रोकच्या शाळेतले गुरू मुलांना बजावतात की एका ठिकाणी मंत्राने पाऊस पाडला तर दुसऱ्या ठिकाणी दुष्काळ पडू शकतो. म्हणून गरज नसेल तर काहीही बदलू नये. अद्भुत कथेत मला हेच हवे असते. ज्या गोष्टीत नायकावर संकट आले की त्याच्या झोळीतून एखादे नवे अस्त्र निघते, ती मी दहा पानांनंतर वाचू शकत नाही, कारण तिथे कोणालाच काही मोजावे लागत नाही. जादू असो वा धाडस, त्याची किंमत कुणीतरी भरली पाहिजे आणि ती भरताना आपण वाचकांनी पाहिली पाहिजे.

शुक्रवार, रात्री अकरा

काल लिहिणे झाले नाही. आज फोर्टातून परत येताना गाडीला मरणाची गर्दी होती, तरी मनात सारखे जूल व्हर्न घोळत होते, आणि त्याला कारणही तसेच होते. 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' ही त्यांची कादंबरी १८७२ साली क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबरला दुपारी साडेचारला बोटीने मुंबईत उतरतो आणि त्याच रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. ती गाडी ज्या मार्गाने साष्टी ओलांडून कल्याणकडे गेली असेल, त्याच मार्गाने मी रोज घरी येते. फॉग मुंबईकडे मान वर करूनही पाहत नाही. त्याला फक्त वेळापत्रक ठाऊक आहे. मुंबई पाहतो तो त्याचा नोकर पासपार्तू. मलबार हिलवरच्या देवळात तो बुटांसह शिरतो, तेथे मार खातो, बूट गमावतो आणि पुढे कलकत्त्याला त्याबद्दल कोर्टात उभा राहतो. लहानपणी मला फॉगचा धीरगंभीरपणा आवडायचा. आता मात्र साहस खऱ्या अर्थाने पासपार्तूचे आहे असे वाटते, कारण जग त्याला लागते, बोचते, थांबवते.

पुढे खोल्बी नावाच्या गावापाशी रूळच संपतात आणि अलाहाबादपर्यंतच्या पन्नास मैलांसाठी फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. भूगोल, वेळ आणि पैसा यांचा हिशेब चोख ठेवूनही गोष्ट रंगवता येते, हे व्हर्न यांनी दाखवले. आमच्या पिढीला त्यांची ओळख झाली ती भा. रा. भागवतांमुळे. त्यांनी व्हर्न यांच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि त्यांचे मराठी इतके ठसठशीत होते की मूळ पुस्तक दुसऱ्या भाषेतले आहे हे ध्यानातही येत नसे. फुरसुंगीचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, हा त्यांचाच मानसपुत्र. पुतण्याने तो वाचलेला आहे, त्यामुळे यादीत वेगळा घेत नाही.

आता ज्या पुस्तकाची शिफारस मी कुणालाही, कोणत्याही वयात, डोळे मिटून करीन ते म्हणजे बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांचे 'चांदेर पाहाड'. १९३७ साली पुस्तकरूपाने आलेली ही बंगाली कादंबरी मी इंग्रजी भाषांतरात वाचली. बंगालमधल्या खेड्यातला शंकर नावाचा तरुण. घरची परिस्थिती अशी की तागाच्या गिरणीत चिकटणे हाच एक मार्ग समोर आहे, आणि मन मात्र दूरदेशांच्या नकाशांत अडकलेले. एका ओळखीच्या आधाराने तो पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर जातो आणि पुढे गवताळ माळावरच्या एका एकाकी स्थानकाचा स्टेशनमास्तर होतो, जिथे रात्री सिंह फिरतात आणि खोलीत विषारी साप निघतो. तेथे त्याला दिएगो आल्वारेझ नावाचा पोर्तुगीज भटक्या मरणाच्या दारात सापडतो आणि त्याच्या तोंडून तो हिऱ्यांच्या डोंगराची हकीकत ऐकतो.

त्या डोंगराचे काय होते ते मी येथे लिहीत नाही, कारण ही वही पुतण्याच्या हाती पडण्याची शक्यता आहे. एवढेच नोंदवते की जवळ अमाप संपत्ती असूनही घोटभर पाण्यासाठी तडफडणे म्हणजे काय, हे कालाहारीच्या वाळवंटातल्या प्रकरणात वाचताना माझ्या स्वतःच्या जिभेला कोरड पडली होती. आणि ज्यांनी हे लिहिले ते कधीही आफ्रिकेत गेले नव्हते! इतरांची प्रवासवर्णने आणि नकाशे समोर ठेवून, एवढ्या भांडवलावर त्यांनी तो खंड उभा केला. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या लालबाग-परळच्या घरांमध्येही असे किती शंकर झाले असतील, असे चिंचपोकळीहून जाताना मला नेहमी वाटते. माझे आजोबा त्यांपैकी एक होते. त्यांच्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली शाळेतला एक जुना ॲटलास होता आणि त्यात त्यांनी निळ्या पेन्सिलीने एडनपर्यंत एक रेघ ओढून ठेवली होती. ते स्वतः कोकणाच्या पलीकडे कधी गेले नाहीत.

शनिवार, दुपार

आज सुट्टी असल्याने दादरला वाचनालयात जाऊन आले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले, आणि त्या काळी मराठी वाचकांना अद्भुताचे किती वेड होते याचा पुरावा तेव्हाच्या कादंबऱ्यांत सापडतो. नाथमाधवांची 'वीरधवल' मी पुन्हा चाळली. भाषा जुनी आहे, वर्णने लांबलचक आहेत आणि आजच्या मुलाला पहिली पन्नास पाने कष्टाची जातील, हे मान्य केले पाहिजे. परंतु सिंहगडच्या कड्यावरून पडून कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या माणसाने, अंथरुणावर असताना, घोडदौडीची आणि पाठलागांची ही पाने रचली हे मनात ठेवून वाचले की प्रत्येक उडीला वेगळे वजन येते.

जी. ए. कुलकर्ण्यांच्या 'रमलखुणा'मधल्या दोन दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', या पुतण्यासाठी आज नाहीत. अठराव्या वर्षी देईन. टोल्किन यांची मुद्रिकांची महाकथा मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे, ती मात्र पुढच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवली आहे; तिच्या शेवटी अंगठी घेऊन गेलेला फ्रोडो घरी परततो, पण त्याची जखम घरीही भरत नाही, आणि ते समजायला आणखी एखादे वर्ष जाऊ द्यावे असे वाटते.

वाढदिवसाची भेट म्हणून अखेर 'ट्रेझर आयलंड' घेतले. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये पावसाने सगळ्यांना घरात कोंडले असताना, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी शाळकरी सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून ही कादंबरी उगवली. पुढे छापण्यासाठी पाठवलेला तो मूळ नकाशा हरवला आणि स्टीव्हन्सनना तो कादंबरीवरून पुन्हा काढावा लागला. पहिल्या नकाशाएवढा तो त्यांना कधीच आपला वाटला नाही.

रविवार, रात्री

दादाकडे जेवणानंतर पुतण्याने पुस्तक उघडले आणि आधी नकाशाचेच पान काढले. मी त्याला शंकरची सुरुवातीची गोष्ट सांगितली, फॉगची गाडी आपल्या गच्चीतून दिसणाऱ्या रुळांवरून गेली असे सांगितले, आणि शेवटी गाँट बेटावरच्या मुलाची व त्याच्या खऱ्या नावाची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने माझ्या आईला, म्हणजे आपल्या आजीला, विचारले, "आजी, माझं पत्रिकेतलं नाव काय आहे?"

आईने कपाटातून पत्रिका काढली, चष्मा लावला आणि ती वाचून दाखवणार एवढ्यात त्याने तिला थांबवले. "मोठ्याने नको," तो म्हणाला. "आत्याला दाखव. ती सांगेल." मी पत्रिका पाहिली, त्याच्याजवळ गेले आणि तेरा वर्षांनी पुन्हा एकदा त्याच्या कानाशी वाकले; फरक एवढाच की आता मला फारसे वाकावे लागले नाही. नाव ऐकून तो काही बोलला नाही. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आला तेव्हा मात्र त्याने माझा हात धरून विचारले, "तू हे कुणाला सांगणार नाहीस ना? तुझ्या वहीतसुद्धा नाही?"

मी त्याला शब्द दिला आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही.