उघड्या हातांच्या कॅचरचं त्रैराशिक

प्रश्न पुतण्याचा होता. तो न्यू जर्सीत शाळेच्या बेसबॉल टीममध्ये कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, आपला विकेटकीपरच. रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "काका, एकदम सुरुवातीच्या काळातला एखादा कॅचर आज खेळला असता, तर सीझनला किती हिट मारले असते?" (हिट म्हणजे चेंडू मारून बॅटरने सुखरूप बेस गाठणं.) मी पुण्यात बसून दिवसभर विम्याच्या दाव्यांचे आकडे चाळतो, त्यामुळे घरात आकड्यांचं काहीही निघालं की ते माझ्याकडे येतं. म्हटलं, एका दुपारचं काम आहे. तीन रविवार गेले.

माणूस निवडायला वेळ लागला नाही. जेम्स 'डीकन' व्हाइट, जन्म १८४७. ४ मे १८७१ रोजी फोर्ट वेनमध्ये नॅशनल असोसिएशन या पहिल्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला, त्यातली पहिली हिट याचीच, क्लीव्हलंडकडून, तीही डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारी. पुढे १८९० पर्यंत खेळला. हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २०१३ मध्ये, म्हणजे १९३९ मध्ये वारल्यावर ७४ वर्षांनी. बेसबॉलच्या आकड्यांचा लाहमन डेटाबेस फुकट मिळतो, तो उतरवून घेतला आणि एक्सेल उघडलं.

पहिल्या रविवारी सरळ त्रैराशिक मांडलं. १८७१ मध्ये व्हाइट २९ सामने खेळला, हिट ४७. तर आजच्या हंगामाच्या १६२ सामन्यांत किती? २६२ आणि वर थोडं. एका हंगामातल्या सर्वाधिक हिटचा इचिरो सुझुकीचा २००४ मधला विक्रम बरोबर २६२ चा! मी खुर्चीतून उठून बायकोला दाखवायला गेलो. ती म्हणाली, "छान." मग १८७७ घेतलं. तेव्हा तो बॉस्टनकडे होता, ५९ सामन्यांत १०३ हिट, सरासरी (हिट भागिले ॲट-बॅट, म्हणजे बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) ०.३८७, लीगमध्ये पहिला. हंगाम ६० सामन्यांचा धरून गुणलं तर २७८. एकच माणूस इचिरोला सहज मागे टाकतोय, तेव्हा इथे माणूस थोर नसून माझी रीत भाबडी आहे हे कळायला हवं होतं. कळलं, पण जेवण झाल्यावर.

शिवाय शीटमध्ये एक घोळ निघाला. १८७८ मध्ये सिनसिनाटीचा हंगाम ६१ सामन्यांचा आणि माझा व्हाइट शंभराहून जास्त सामने खेळलेला! मी आडनावावरून बेरीज लावली होती. त्या वर्षी त्याच टीममध्ये त्याचा धाकटा भाऊ विल व्हाइट पिचर होता. चष्मा लावून खेळणारा हा पहिलाच मोठा खेळाडू मानतात. थोरला झेलायचा, धाकटा टाकायचा, आणि मी दोघांचे सामने एकत्र कुटुंबासारखे एकाच खात्यात जमा केले होते. शिवाय मेजर लीग बेसबॉल १८७१ ते १८७५ ची नॅशनल असोसिएशन अधिकृत 'मेजर लीग' धरत नाही, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी त्याच्या एकूण हिट वेगळ्या दिसतात. मी ती पाच वर्षं ठेवली. चेंडू तर तेव्हाही तोच झेलत होता.

दुसऱ्या रविवारी 'मार्सेल' वापरलं. ही बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या टॉम टँगोची, खेळाडूच्या पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायची पद्धत, आणि नाव ठेवलंय टीव्ही मालिकेतल्या एका माकडाचं, कारण इतकं तर माकडालाही जमावं. शेवटच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं आणि त्यात लीगच्या सरासरीचं पाणी घालायचं. थोड्या सामन्यांतली चमक बरीचशी नशिबाची असते, ती या पाण्याने फिकी होते. मूळ पद्धतीत वयाचीही दुरुस्ती असते. १८७७ च्या हंगामात तो २९ चाच होता, त्या वयाजवळ ती नगण्य असते, म्हणून सोडून दिली.

व्हाइटची तीन वर्षं अशी: १८७५ मध्ये ३७१ ॲट-बॅटमध्ये १३६ हिट, १८७६ मध्ये ३०३ मध्ये १०४, १८७७ मध्ये २६६ मध्ये १०३. वजन लावून सरासरी आली ०.३६६. त्यात लीगच्या सरासरीचे, म्हणजे ०.२७० चे, १२०० ॲट-बॅट मिसळले, उतरली ०.३४२ वर. आता परीक्षा: १८७८ मध्ये खरोखर काय झालं? २५८ ॲट-बॅट, ८१ हिट, ०.३१४. माझ्या हिशेबाने ८८ व्हायला हव्या होत्या. चूक सात हिटची. आदल्या वर्षीचे ०.३८७ तसेच पुढे ओढले असते, तर चूक एकोणीसची झाली असती. माकड जिंकलं.

अडलं ते सामन्यांच्या संख्येवर, आणि तिथे एक्सेल काही मदत करत नाही. व्हाइटच्या ऐन उमेदीत कॅचर उघड्या हातांनी झेलायचे. पिचर ४५ फुटांवरून, हात खाली ठेवून टाकायचा, आणि फाउल (रेषेबाहेर गेलेला) चेंडू एक टप्पा पडून झेलला तरी बॅटर बाद. आपल्या गल्लीतलं 'एक टप्पा आउट'च! त्यामुळे कॅचर बरेचदा बॅटरपासून बराच मागे उभा राहायचा. तारेचा मास्क १८७७ च्या सुमारास हार्वर्डच्या टीममध्ये आला, जाड मिट, म्हणजे कॅचरचा हातमोजा, १८८० च्या दशकाच्या शेवटी, आणि नडगीची पॅड लावून रॉजर ब्रेस्नाहन उतरला तो १९०७ मध्ये. आठवड्यात दोन-तीन सामने, म्हणून बोटं जेमतेम सावरायची. हाच माणूस आठवड्याला सहा सामने कसा झेलेल? खुद्द व्हाइटही १८८० नंतर यष्टीमागे, सॉरी, प्लेटमागे क्वचितच दिसतो. १८८२ पासून तो मुख्यतः थर्ड बेसवर गेला आणि चाळिशी ओलांडेपर्यंत तिथे टिकला.

शेवटी १२० सामने धरले. आजच्या भरवशाच्या कॅचरचं साधारण तेवढंच होतं, आणि व्हाइटला मी मिट दिला. सामन्यामागे चार ॲट-बॅट, म्हणजे ४८०. आज लीगची सरासरी ०.२४५ च्या आसपास आहे, त्या प्रमाणात ०.३४२ चे होतात ०.३१०. हिट दीडशेच्या आतबाहेर.

तिसऱ्या रविवारी पुतण्याला सांगितलं, दीडशे. तो जरा हिरमुसला, त्याला २७८ हवे होते. मग मी उघड्या हातांचं सांगितलं. त्याने कॅमेऱ्यासमोर आपला मिट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काका, उद्या हा काढून दोनच चेंडू झेलून बघू?"

मागून वहिनींचा आवाज आला, "अजिबात नाही."