ब्रीद-ले-बँला उतरून मेरिबेलला स्कीइंग: स्वस्त हॉटेलात गटाने राहायचं असेल तर

फ्रेंच आल्प्समधल्या 'थ्री व्हॅलीज'मध्ये सुमारे ६०० किमीचे उतार एकमेकांना जोडलेले आहेत. मेरिबेलची दरी मधोमध, एका बाजूला कुर्शवेल, दुसऱ्या बाजूला ले मेन्युइर आणि वाल तोरांस. बर्फाला लागून असलेली हॉटेलं महाग, आणि चौदा जणांच्या सात रात्री धरल्या की तो फरक फार मोठा होतो. म्हणून मुक्काम खाली ब्रीद-ले-बँला. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवरचं हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव. १९९२ च्या आल्बेरव्हील हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी खेळाडूंचा मुक्काम इथे होता, आणि त्याच निमित्ताने गावातून मेरिबेलला जाणारा ओलँप गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) उभा राहिला. तो सुमारे २५ मिनिटांत १४५० मीटरवर, मेरिबेलच्या शोदान भागात सोडतो. तिथून वरच्या उतारांवर नेणाऱ्या मुख्य लिफ्ट सुटतात.

हॉटेल स्वस्त पडतं ते या २५ मिनिटांमुळेच. सकाळी जाताना २५, संध्याकाळी येताना २५, शिवाय रांग. गावापर्यंत स्की करत उतरता येईल असा उतार नाही, त्यामुळे संध्याकाळी गोंडोला चुकवून चालत नाही. गटाने हे गणित पहिल्याच दिवशी नीट समजून घेतलं, तर ब्रीदचा मुक्काम अतिशय फायद्याचा आहे. नाहीतर वाचलेले पैसे टॅक्सीत आणि वाया गेलेल्या सकाळींत जातात.

पोहोचणं. आल्प्समधली बहुतेक बुकिंगं शनिवार ते शनिवार असतात, त्यामुळे आल्बेरव्हीलहून मूतिएकडे येणारा रस्ता शनिवारी तुंबतो. फेब्रुवारी-मार्चमधल्या फ्रेंच शाळांच्या सुट्ट्यांत तर विचारूच नका. या सुट्ट्या तीन विभागांत पाळीपाळीने येतात आणि एकूण चार आठवडे पुरतात. तारखा ठरवण्याआधी त्यांचं वेळापत्रक पाहा. जानेवारीतले मधले आठवडे निवांत असतात. रेल्वेने आलात तर मूतिए स्टेशनवर उतरा. तिथून ब्रीद अवघं सहा-एक किमी आहे, आणि वरच्या गावांना जाणाऱ्यांच्या तुलनेत इथे तुमचा खरा फायदा होतो. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा बर्फाच्या साखळ्या बाळगणं बंधनकारक आहे. विमानतळावर गाडी ताब्यात घेतानाच साखळ्या डिकीत आहेत का ते उघडून बघा. विमान जिनिव्हाला उतरत असेल तर फोनचं रोमिंग स्वित्झर्लंडसाठीही चालतं का, हे आधी तपासा. बरेच युरोपीय प्लॅन तिथे लागू होत नाहीत.

कमी ताऱ्यांच्या हॉटेलात रात्रभर रिसेप्शनवर कुणी बसलेलं नसतं. बस उशिरा पोहोचणार असेल तर दुपारीच फोन करून बाहेरच्या दाराचा कोड मागून घ्या, आणि तो गटातल्या किमान तिघांकडे असू द्या. खोल्यांची वाटणी घरूनच करून छापून न्या. 'डबल' म्हणजे एकच पलंग, तोही बऱ्याचदा १४० सेंमी रुंदीचा. दोन मित्रांना वेगळे पलंग हवे असतील तर 'ट्विन' असं लेखी मागावं लागतं. तिघांच्या खोलीत तिसरा पलंग घडीचा असू शकतो, तो उंच माणसाच्या वाट्याला देऊ नका. जुन्या इमारतींत हॉटेलची लिफ्ट दोन-तीन माणसांपुरती असते. चौदा बॅगा वर न्यायला अर्धा तास जातो, म्हणून आधी बॅगा, मग माणसं.

आता बुटांकडे. स्वस्त हॉटेलात आठवडा बिघडतो तो बहुधा ओल्या बुटांमुळे. स्की आणि बूट खोलीत नेऊ देत नाहीत. तळघरात किंवा मागच्या बाजूला स्की ठेवायची खोली असते. बुकिंग करताना विचारायचा प्रश्न असा: तिथे बूट वाळवायची सोय आहे का, आणि ती किती जोडांची आहे? 'स्की रूम आहे' एवढं उत्तर पुरेसं नाही. नुसती थंड, ओलसर खोली असली तर सकाळी बूट दगडासारखे होतात, कारण गारठ्यात बुटाच्या बाहेरच्या कवचाचं प्लास्टिक आखडतं आणि पाय आत सरकतच नाही. बूट आतून भिजतो तो मुख्यतः घामाने, बर्फ त्यामानाने कमी शिरतो. वाळवण्याची सोय नसेल तर संध्याकाळी परत आल्याबरोबर, बूट अजून मऊ असतानाच, आतला लायनर, म्हणजे मऊ अस्तराचा बूट, ओढून काढा. तो खोलीत न्यायला सहसा हरकत नसते, पण विचारून घ्या. रेडिएटरपासून हातभर लांब उभा ठेवा. रेडिएटरवर ठेवलात तर फोमचा आकार बिघडतो. रिकाम्या कवचात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. सकाळी लायनर घालताना बुटाची जीभ मधोमध बसली आहे ना हे बोटाने चाचपा. तिथली एक घडी दुपारपर्यंत नडगी सोलते. रात्री बूट ठेवताना बकल सैलसर लावून ठेवावेत, म्हणजे कवच फाकत नाही.

गटासाठी भाड्याने घेतलेल्या स्की बऱ्याचदा एकाच मॉडेलच्या येतात. चौदा सारख्या जोड्यांमध्ये आपली ओळखायला दोन्ही स्कींवर आणि काठ्यांवर रंगीत चिकटपट्टी लावा. अदलाबदल ही केवळ गैरसोय नव्हे, तो धोका आहे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोर आला की सुटावं हे त्या माणसाचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरवलेलं असतं. ५५ किलोच्या व्यक्तीने ९० किलोच्या माणसाची स्की घातली तर पडताना बाइंडिंग सुटणार नाही, आणि भार गुडघ्यावर येईल. म्हणूनच दुकानाला पाठवायच्या यादीत वजन खरं लिहायला सांगा. लाजेने पाच-दहा किलो कमी लिहिलेला माणूस सपाट उतारावरही स्कीमधून निसटत राहतो. यादीत प्रत्येकाचं नाव, वय, उंची सेंमीत, वजन किलोत, पायाची लांबी सेंमीत आणि अनुभव असावा. स्कीच्या बुटाचा आकडा म्हणजे पायाची सेंमीतली लांबीच. टाच भिंतीला टेकवून, उभं राहून मोजा. दुकानात बूट घालताना एकच पातळ मोजा घाला. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली, तर माप बरोबर आहे. आत पाय ऐसपैस वाटला तर बूट मोठा आहे. नवशिके नेमका तोच निवडतात.

स्की भाड्याने देणारं दुकान कुठलं निवडायचं? ब्रीदमध्ये गोंडोलाजवळ दुकानं आहेत, वर मेरिबेललाही आहेत. खालचं सोयीचं वाटतं, पण बूट चावतोय हे कळतं वर, १४५० मीटरवर, दहा वाजता. मग खाली २५ मिनिटं, बदल, पुन्हा वर २५ मिनिटं, आणि सकाळ संपली. आमचं स्पष्ट मत: नवशिके जास्त असतील तर दुकान शोदानचंच निवडा, आणि स्की-बूट रात्री तिथेच ठेवायची सोय मागा. ती मिळाली तर गोंडोलात साध्या बुटांनी, मोकळ्या हातांनी जाता येतं आणि हॉटेलच्या ओलसर खोलीचा प्रश्नच राहत नाही. सगळे सरावलेले असतील तर खालचं दुकान चालेल.

सकाळचा हिशेब उलटा मांडा. स्की शाळेचा वर्ग सव्वानऊला असेल तर बूट चढवायला १५ मिनिटं, गोंडोला २५, रांग १५, हॉटेलपासून चालणं १०. म्हणजे आठ-दहाला हॉटेलच्या दाराबाहेर. न्याहारी साडेसातला सुरू होत असेल तर सगळे त्याच क्षणी टेबलावर हवेत. वर्ग शोदानला भरतो की वरच्या राँ-प्वाँला, हेही नोंदवून ठेवा. राँ-प्वाँला जायला आणखी एक लिफ्ट घ्यावी लागते. लिफ्टचा पास डाव्या खिशात, एकटा ठेवा. गेटवर तो डाव्या बाजूनेच वाचला जातो, आणि फोन किंवा दुसरं कार्ड जवळ असलं तर अडतो.

पासचं म्हणाल तर सगळ्यांना थ्री व्हॅलीजचा महागडा पास काढून देण्याची घाई करू नका. पहिल्यांदा स्की करणारा आठवड्याचे पहिले तीन-चार दिवस मेरिबेलच्या बाहेर जात नाही. त्याला नुसता मेरिबेलचा पास पुरतो. आल्टिपोर्टजवळचा (डोंगरावरची छोटी धावपट्टी) ब्लांशो हा हिरवा उतार झाडांमधून जातो, रुंद आणि शांत आहे, पहिल्या दिवसांसाठी उत्तम. हिरवा सगळ्यांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा.

सरावलेल्यांनी वाल तोरांसला (२३०० मी.) जरूर जावं, पण परतीची वेळ निघायच्या आधी ठरवून. दोन दऱ्यांमधला कडा ओलांडायला लिफ्ट लागते, आणि तिची शेवटची वेळ खालच्या फलकावर लिहिलेली असते. त्या वेळेला तिथे पोहोचणं म्हणजे उशीर झाला. अडीच वाजता वाल तोरांसहून परतीला लागणं बरं. वारा वाढला तर कड्यावरच्या लिफ्ट वेळेआधीच बंद होतात, म्हणून वादळी दिवशी दुसऱ्या दरीत जाऊच नका. तिकडे अडकलात तर रस्त्याने आधी मूतिएपर्यंत सुमारे ३५ किमी खाली, मग ब्रीदकडे वर. संध्याकाळच्या टॅक्सीला याचे जबर पैसे पडतात. गटात प्रत्येकाला ओलँपची शेवटची वेळ पाठ हवी. साडेचारनंतर खाली जाणाऱ्यांची रांग लागते.

खिडकीतून दिसणाऱ्या हवामानावर कपडे ठरवू नका. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. ब्रीदला ४ अंश असताना शोदानला शून्याच्या खाली, आणि २७०० मीटरच्या सोलीर शिखरावर उणे १० च्या आसपास, वर वारा वेगळाच. गावात पाऊस पडत असला की निराश होऊ नका, वर बहुधा ताजा बर्फ पडत असतो. कधी उलटही होतं: थंड हवा दरीत साचून गाव धुक्यात गारठलेलं, आणि वर लख्ख ऊन. शोदानचा वेबकॅमेरा बघा, मग कपडे घाला. झोपायला मात्र ६०० मीटर फार चांगले. उंचावरच्या गावांत पहिल्या रात्री होणारी डोकेदुखी आणि तुटक झोप इथे नसते.

संध्याकाळी सगळा गट एकाच गोंडोलाने परततो आणि सगळे एकदम अंघोळीला जातात. लहान हॉटेलच्या बॉयलरला ते झेपत नाही, पाचव्या-सहाव्या खोलीत पाणी कोमट येतं. निम्म्यांनी आधी अंघोळ, निम्म्यांनी आधी बूट-लायनरचं काम, आणि दुसऱ्या दिवशी उलट. ओले हातमोजे, मोजे, जॅकेट वाळवायला पाच मीटर दोरी आणि चिमटे घरून न्या. इलेक्ट्रिक हीटरवर काहीही टाकू नका, आग लागते. कपडे वाळताना खोलीत दमटपणा साठतो. खिडकी रात्रभर किलकिली ठेवण्यापेक्षा झोपण्याआधी पाच मिनिटं सताड उघडा, खोली गार न होता हवा बदलते.

हाफ बोर्ड, म्हणजे न्याहारी आणि रात्रीचं जेवण, गटाला परवडतो. जेवणाची वेळ ठरलेली आणि पदार्थही ठरलेले असतात. शाकाहारींची संख्या बुकिंगच्या वेळी आणि पोहोचल्यावर पुन्हा, दोन्हीदा लेखी द्या. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो. 'सां व्यांद, सां प्वासों', म्हणजे मांस नको, मासा नको, असं म्हणा. अंडं चालत नसेल तर 'सां झ्यो'. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि सूपमध्ये मांसाचा रस्सा असतो, तो दिसत नाही. विचारावंच लागतं. पाणी 'कराफ दो' म्हणून मागितलं की नळाचं, फुकट मिळतं. बाटलीचे पैसे लागतात. दुपारी वर खायला डबा नेणार असाल तर पर्यटन कार्यालयात 'साल ओर-साक' कुठे आहे विचारा. फ्रान्समधल्या अनेक स्की केंद्रांत स्वतःचा डबा खाण्यासाठी अशी खोली असते. रेस्टॉरंटच्या टेबलावर डबा उघडलेला चालत नाही.

विमा. शेंगेन व्हिसासाठी घेतलेली ३०,००० युरोंची पॉलिसी स्कीइंगला लागू असेलच असं नाही. 'हिवाळी खेळ' हे शब्द पॉलिसीत शोधा. फ्रान्समध्ये उतारावरून जखमी माणसाला खाली आणण्याचे पैसे त्याच्याकडूनच घेतले जातात. लिफ्ट पासबरोबर रोजच्या थोड्या युरोंत 'कारे नेज' हा विमा मिळतो, तो सगळ्यांना घ्यायला लावा. तो घेतला म्हणून पर्यटक-विमा सोडायचा नाही. अपघात झाला तर जखमीच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा आणि ११२ ला फोन करा. उताराचं नाव आणि कडेच्या जवळच्या खांबावरचा आकडा सांगा. हे आकडे खाली येताना कमी होत जातात.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानात स्की परत करा, शनिवारी सकाळी तिथे झुंबड असते. त्याच रात्री हॉटेलचं बिल मागून खोलीवार तपासा. जेवणातलं पेय चुकीच्या खोलीवर चढणं नेहमीचं आहे. प्रौढांसाठी प्रतिरात्र पर्यटन कर वेगळा लागतो, १८ वर्षांखालच्यांना तो माफ आहे. खोल्या सकाळीच रिकाम्या कराव्या लागतात, पण बॅगा ठेवायला जागा मिळते. बस संध्याकाळची असेल तर कपडे बदलायला एखादी खोली ठेवता येईल का, हे आदल्या दिवशीच विचारा.