माझा अनुभव: ऑर्कांचा घरगुती ट्रक टूर्नामेंटला पास करून घेताना

वॉरहॅमर ४०,००० (टेबलावर छोट्या रंगवलेल्या मॉडेलांच्या फौजा लढवायचा फाशांचा खेळ) खेळणाऱ्या अन् गावात राहणाऱ्या कोणाला कामी पडलं तर पडलं म्हणून लिहून राहिलो. खरं सांगायचं तर चिडचिड अजून उतरली नाही, म्हणूनही. आमचं गाव दारव्ह्याजवळ, जिल्हा यवतमाळ. टूर्नामेंट पुण्यात. फौज ऑर्कांची, म्हणजे खेळातल्या हिरव्या कातडीच्या लढाऊ जमातीची, २००० पॉइंटची (पॉइंट म्हणजे फौजेची ताकद मोजायचं माप).

आधी नियम काय ते सांगतो. २०२३ ला आलेल्या दहाव्या आवृत्तीत एका सामन्याचे १०० गुण, त्यातले १० नुसते फौज 'बॅटल रेडी' असल्याचे. म्हणजे मुख्य भागांवर रंग पाहिजे अन् बेस, म्हणजे मॉडेलच्या पायाखालची चकती, उघडं काळं प्लास्टिक नको, कशानं तरी झाकलेलं पाहिजे. बस. डोळ्यांत बुबुळं काढायची गरज नाही, हे लोक उगाच घाबरवतात. पूर्वी 'तीन रंग तरी लावा' असा एक दंडक चालायचा, त्याच्याच जवळपास आहे हे. फासा हातात घ्यायच्या आधी मिळणारे १० गुण आहेत, सोडू नका.

बॉइज, म्हणजे ऑर्कांची साधी पायदळ पोरं, रंगवायला काही त्रास झाला नाही. कॉन्ट्रास्ट रंग २०१९ पासून मिळतात, फिक्या प्रायमरवर (रंगाआधीचा अस्तराचा थर) एक हात मारला की खाचांत गडद अन् उंचवट्यावर फिका आपोआप बसतो, हिरव्या कातडीला तर एकदम बेस्ट. बाकी कपडे, लोखंड, दात असं साध्या रंगात, पातळ करून दोन हात. प्रायमरचं मात्र आपल्या हवेत जपून. स्प्रे कॅन विमानानं येत नाही, जमिनीच्या मार्गानं येतो, त्यामुळे महिनाभर आधी मागवा. अन् मे महिन्यात दुपारी मारू नका, ४५ डिग्रीत रंग मॉडेलवर पोचायच्या आधी हवेतच वाळतो अन् खरखरीत भुकटी बसते. मी सकाळी सहाच्या आत मारायचो. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत पांढुरकं धुकं चढतं.

आता मेन गोष्ट. माझ्या यादीत (फौजेत काय काय आणणार ते आधी लिहून द्यावं लागतं) एक ट्रक होता, म्हणजे ऑर्कांची पोरं बसवून पुढे पळवायची उघडी गाडी. तो मी विकत घेतला नाही, घरीच केला. फ्लेक्सच्या दुकानातून सनबोर्डचे तुकडे, खेळण्यातल्या ट्रॅक्टरची चाकं, अन् धुराडी, टाक्या, बंदुकीच्या नळ्या सगळं ड्रिपच्या सामानातून. १६ एमएमचे जॉइनर, एंड कॅप, जुने ड्रिपर. शेतात पडलेलंच होतं. ज्यांना हे करायचं त्यांनी एक ध्यानात ठेवा, ड्रिपचं प्लास्टिक वेगळं, त्याला मॉडेलचा सिमेंट (प्लास्टिक जोडायचा खास गोंद) लागत नाही, फेविक्विकही धड धरत नाही अन् रंग नखानं निघतो. पॉलिश पेपरनं चांगलं घासायचं, आरपार भोक पाडून तार घालायची, मग चिकटवायचं, मग प्रायमर. माझं धुराडं हातात धरून गाडी उचलता येते.

बाबा पाहून म्हणाले, "ड्रिपची वाट लावून काय बनवून राहिला बे?" पण नंतर चाकांचा गाळा तेच बसवून देत होते.

टूर्नामेंटवाल्यांचा नियम होता की स्वतः बनवलेलं किंवा बदललेलं मॉडेल असेल तर फोटो आधी पाठवून मंजुरी घ्या. बरोबरच आहे. मी चार बाजूंनी फोटो काढले, पाठवले. उत्तर काहीच नाही. परत पाठवले. मग एका रात्री मेल आली: 'कृपया ऑफिशियल मॉडेलच्या शेजारी ठेवून फोटो पाठवा.'

आता मला सांगा, ऑफिशियल मॉडेल माझ्याजवळ असतं तर मी ड्रिपच्या नळ्या कायले कापत बसलो असतो? हेच मी सभ्य भाषेत लिहिलं. त्यावर तीच ओळ परत आली, कॉपी-पेस्ट. मग मी म्हटलं माप सांगा, लांबी रुंदी उंची, मी पट्टी लावून फोटो देतो. तर म्हणे मापं आम्ही देत नाही. तिकडे यादी जमा करायची तारीख जवळ येऊन राहिली, फी भरलेली, ती परत मिळत नाही, अन् ट्रक काढला तर सगळी यादी पुन्हा जुळवावी लागते कारण पोरं चालत गेली तर पोचायच्या आधी मरतात. आरटीओत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं पासिंग याच्यापेक्षा लवकर होतं, तिथं निदान कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते तरी कळतं.

फोनवर बोलायची सोय नाही. ग्रुपवर विचारलं तर 'मेल करा'. मेलवर विचारलं तर 'तपासणी सुरू आहे'. कशाची तपासणी, गाडी तर माझ्या कपाटात होती!

गंमत अशी की हा खेळ १९८७ ला आला तेव्हा तो बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्याच मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीतून तरंगती तोफगाडी कशी बनवायची ते शिकवलं होतं. अन् ऑर्क म्हणजे तर भंगारातून गाड्या जोडणारीच जमात. त्यांच्या गाडीलाच कागदपत्रं मागायची म्हणजे कमाल.

मापाचा हट्ट मात्र खोटा नाही, हे मला मानावं लागतं. पोरं उतरतात तेव्हा गाडीपासून तीन इंचाच्या आत उभी करायची असतात. गाडीच इंचभर लांब केली तर पोरं इंचभर पुढे उतरतात, फुकटात. ठेंगणी केली तर भिंतीमागे लपते अन् समोरच्याला दिसतच नाही. बेसचंही तेच, जुने बॉइज २५ मिमीवर यायचे, आता ३२ वर येतात, जुन्याच बेसवर आणले तर कमी जागेत जास्त मावतात. (जुनी फौज स्वस्तात घेणाऱ्यांनो, बेस आधी मोजा. जाड कागदाची ३२ ची कडी कापून भोवती चिकटवता येते.) तर नियम पटतो. पण नियम पाळायची वाट दाखवायला काय जात होतं?

शेवटी नागपूरच्या एका खेळाडूनं ग्रुपवर माझं रडगाणं वाचून निरोप केला की माझ्याजवळ ऑफिशियल ट्रक आहे, घेऊन ये. एसटीनं यवतमाळ, तिथून नागपूर, गाडी मांडीवर बुटाच्या खोक्यात, शेजारच्या मावशी पूर्ण रस्ता विचारत होत्या की हे रोबोट आहे का. त्या भाऊच्या घरी ग्राफ पेपर अंथरला, दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या, वरून, बाजूनं, समोरून फोटो. डब्बा जवळपास सारखा निघाला, उंचीला माझी धुराड्यामुळे थोडी जास्त, अन् पुढचा बंपर बोटभर बाहेर. आम्ही बंपरवर लाल टेप लावून लिहूनच दिलं की मोजताना हा धरणार नाही. त्याच रात्री उत्तर आलं: मंजूर. एवढे दिवस 'तपासणी' अन् आता अर्ध्या रात्रीत मंजूर! मला आनंद झाला की राग आला, अजून ठरलं नाही. भाऊनं सावजी खिलवलं ते वेगळं.

म्हणून सल्ला: पहिल्याच मेलमध्ये शेजारी ठेवलेला फोटो अन् ग्राफ पेपर द्या, कोणाचं तरी मॉडेल शोधून काढा, स्वतः मापं मागत बसू नका. बंदुका यादीत आहेत त्याच मॉडेलवर दिसल्या पाहिजेत, ड्रिपरची नळी म्हणजे कोणती बंदूक ते फोटोवर बाण काढून लिहा. दुसऱ्या कंपनीचे भाग किंवा थ्रीडी प्रिंट असेल तर आधी विचारा, हे प्रत्येक आयोजकाचं वेगळं असतं.

बेसचं सांगायचं राहिलंच. आपली काळी माती वापरा. तव्यावर भाजून घ्या म्हणजे बुरशी लागणार नाही, मग चाळणीनं चाळून फेविकॉलमध्ये कालवून जाडसर थापा. वाळली की उन्हाळ्यातल्या वावरासारख्या भेगा पडतात, त्यासाठी दुकानात महागडा डबा विकत मिळतो. फक्त वाळल्यावर वरून पाण्यात पातळ केलेला फेविकॉल सोडा, नाहीतर ढलप्या निघतात. बेसची कड काळ्या रंगानं साफ करा.

पुण्याला जाताना बेसखाली चुंबक लावून सगळी फौज पत्र्याच्या पेटीत उभी केली होती, बडनेऱ्याहून रेल्वेत एकही दात तुटला नाही. तिथं तपासणीला माणूस आला, रांगेवरून नजर फिरवली, एक बॉय उलटा करून बेस पाहिला, १० गुण लिहिले अन् पुढच्या टेबलावर गेला. ट्रककडे पाह्यलं पण नाही. मंजुरीच्या मेलची प्रिंट मी फाइलीत घालून नेली होती, ती तशीच परत आली. तरी तुम्ही न्या, समोरचा खेळाडू कटकट्या निघाला तर कामी येते.