उत्तेजनार्थ

पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अर्थशास्त्रीय शोधनिबंधांना पारितोषिक देणाऱ्या एका स्पर्धेचं परीक्षण मी करते. बरेचसे निबंध एकाच साच्यातले असतात: वर्गमित्रांकडून भरून घेतलेला गूगल फॉर्म, यूपीआयबद्दलची जागरूकता, काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का हे तपासणारी ठरावीक संख्याशास्त्रीय चाचणी) आणि ‘शासनाने लक्ष द्यावे’ ही शिफारस. साहित्यचौर्य तपासणीचा टक्का आयोजक पहिल्या पानावरच छापून देतात, विदा (डेटा) कुठून आली हे मात्र विचारत नाहीत.

यंदा अंतिम फेरीत निफाड तालुक्यातल्या एका मुलीचा निबंध होता. विषय डिसेंबर २०२३ मधली कांदा निर्यातबंदी. तिथल्या लासलगावच्या कांदा बाजाराचा रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव संकेतस्थळावर मिळतो. सगळे तोच उचलतात. पण तिथे लिलाव वाहनागणिक होतो, एका ट्रॅक्टरचा भाव मागच्या ट्रॅक्टरला मिळेलच असं नाही. हिने शेतकऱ्यांच्या घरच्या हिशोबपट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या पावत्या, गोळा केल्या. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडलेली रक्कम, सगळं तक्त्यात. पावसाने शाई पसरलेल्या पट्ट्या तिने वगळल्या होत्या आणि का वगळल्या ते तळटीपेत लिहिलं होतं. एम.ए.च्या प्रबंधांतही अशी तळटीप मला क्वचितच भेटते.

बंदीनंतर भाव कोसळलेला तक्त्यात स्पष्ट दिसत होता. तिथेच थांबली असती तर पहिलं पारितोषिक तिचंच होतं. पण तिने आधीच्या वर्षांचे तेच आठवडे काढून पाहिले. लाल कांद्याची आवक वाढली की डिसेंबरात भाव उतरतातच, तो माल कांदाचाळीत साठवताही येत नाही. त्यात २०२३चा पाऊस कमी, बंदीआधीचे भाव मुळातच चढे. यातला बंदीचा वाटा वेगळा काढता येत नाही, असं तिने सरळ लिहिलं.

सहपरीक्षकांनी विचारलं, “मग निष्कर्ष काय?”

“सर, बंदीने नुकसान झालं नाही असं मी म्हणतच नाही. पण किती झालं, ते एवढ्या पट्ट्यांवरून सांगता येत नाही.”

‘निष्कर्ष’ या रकान्यात त्यांनी तिला वीसपैकी सात गुण दिले.

पहिलं आलं ते निर्यात आणि जीडीपीचं समाश्रयण (रिग्रेशन), म्हणजे एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध मोजणारं गणित. तीसेक वर्षांची वार्षिक विदा, आर-स्क्वेअर, म्हणजे आकडे किती जुळतात त्याचं माप, एकपैकी ०.९८, सादरीकरण देखणं. पण असा जुळता निकाल फसवा तर नाही ना, याचा इशारा देणारा डर्बिन-वॉटसन हा आकडा, जो दोनच्या आसपास हवा, तो अर्ध्याच्याही खाली होता. दोन चढत्या मालिका शेजारी ठेवल्या की संबंध नसतानाही असं होतं, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ सालीच दाखवलंय. मी तो आकडा बोट ठेवून दाखवला. “पदवीच्या मुलांकडून एवढी अपेक्षा नको,” असं उत्तर आलं. ती अपेक्षा न सांगता पुरी करणारी मुलगी मात्र उत्तेजनार्थवर राहिली. मी माझा वेगळा अभिप्राय लेखी दिला, पण बेरीज बदलली नाही. आपल्याकडे शोधनिबंध म्हणजे ठाम उत्तर, ही समजूत विद्यार्थ्यांची नाही, आम्हा शिक्षकांची आहे.

तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. निर्यातीला प्रामुख्याने मोठा, एकसारखा माल लागतो. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बरीचशी देशातच खपते. हंगामाची उतरण दोन्हींना लागते. म्हणजे मोठा कांदा आणि गोल्टी यांच्या भावांतलं अंतर बंदीआधी किती आणि नंतर किती, हे काढलं तर हंगाम बराचसा बाजूला पडेल. ते अंतर एकदम घटलं असेल, तर बंदीचा वाटा निदान अंदाजाने हाती लागतो. बाजारभावाच्या त्या एका सर्वसाधारण आकड्यातून हे कधीच निघणार नाही, पट्ट्यांतून निघू शकतं. तिला हे कळवलंय. गोल्टीच्या पट्ट्या पुरेशा भरतात का, ते ती सध्या मोजतेय.