तुम्ही विचारलंत म्हणून: या कामात खोटं किती बोलावं लागतं?

मी कलाकारांची आणि चित्रपटांची पब्लिसिस्ट, म्हणजे त्यांची प्रसिद्धी सांभाळणारी, आहे असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे खोटं बरंच बोलावं लागत असेल ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. नटनट्यांच्या बातम्या वाचताना 'हे कुणीतरी पेरलेलं दिसतंय' असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटलेलं असतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते. खोटं मी बोलत नाही. मला ठाऊक असलेलं सगळं मात्र मी सांगत नाही, आणि सगळा कस लागतो तो इथेच.

तुमच्या संशयाला इतिहास आहे, हे आधी मान्य करते. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्या सहसा नटांची नावं जाहीर करत नसत. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही लोकप्रिय अभिनेत्री प्रेक्षकांना फक्त 'बायोग्राफ गर्ल', म्हणजे बायोग्राफ कंपनीची मुलगी, म्हणून माहीत होती. कार्ल लेम्ले या निर्मात्याने तिला आपल्याकडे ओढलं. मग त्याच्या कंपनीने जाहिरात छापली, की ट्रामखाली सापडून ती गेल्याची अफवा आमच्या शत्रूंनी उठवली आहे, ती सुखरूप आहे आणि लवकरच आमच्या चित्रपटात दिसेल. ती सेंट लुईसला आली तेव्हा तिला बघायला झुंबड उडाली. अफवा लेम्लेच्याच गोटातली होती, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगितलं जातं. हा किस्सा आमच्या धंद्यात कौतुकाने ऐकवतात, मला तो ऐकवत नाही. एका बाईच्या मरणाची आवई उठवून तिचं नाव मोठं केलं, यात हुशारी असेलही, पण वाचणाऱ्याला मूर्ख धरलेलं आहे.

आणि ही फक्त जुनी गोष्ट नाही. २००१ साली उघड झालं, की सोनीच्या काही चित्रपटांच्या जाहिरातींत ज्या डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची स्तुती छापली जात होती, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. प्रसिद्धी विभागातच तो जन्माला घातला होता. प्रेक्षक कोर्टात गेले आणि २००५ साली कंपनीने पंधरा लाख डॉलरवर तडजोड केली.

पण याच व्यवसायात दुसरी वाटही पहिल्यापासून आहे. १९०६ साली आयव्ही ली या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या प्रसिद्धी सल्लागाराने वर्तमानपत्रांना एक पत्रक पाठवलं. त्याचा आशय असा: आमचं काम उघड्यावर चालतं, आम्ही देतो ती माहिती अचूक असते, तपासायची असेल तर आणखी तपशील देऊ, आणि आमचा मजकूर जाहिरात खात्यात जायला हवा असं वाटलं तर तो छापू नका. पुढे ली स्वतः या शब्दांना जागले नाहीत, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती रास्तच होती. तरी मला ते पत्रक आजही कामाचं वाटतं, विशेषतः शेवटचा मुद्दा. पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर बातमीच्या वेषात जाता कामा नये. इन्फ्लुएन्सरच्या पोस्टलाही तोच नियम.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते सांगते. रात्री उशिरा एका वार्ताहराचा फोन येतो: "अमुक अभिनेत्रीला चित्रपटातून काढलं, खरं का?" बातमी खरी असते. पण नव्या अभिनेत्रीचा करार अजून झालेला नसतो, आणि जिला काढलं तिने घरच्यांनाही सांगितलेलं नसतं. "छे, काहीतरीच!" म्हणणं अगदी सोपं असतं. मी म्हणते, "यावर आज आमच्याकडून काही नाही. बोलायची वेळ आली की तुम्हाला फोन करीन." वार्ताहर समजायचं ते समजतो. तो इतर ठिकाणांहून खात्री करून घेईल आणि कदाचित उद्याच छापेल. निर्माता माझ्यावर चिडेल. चिडू दे. कारण मी आज 'नाही' म्हटलं आणि आठवड्याने तीच घोषणा झाली, तर माझ्या 'नाही'ला पुन्हा किंमत राहणार नाही. मग एखाद्या दिवशी माझ्या कलाकाराच्या आजारपणाची धादांत खोटी बातमी फिरू लागेल. ती तासाभरात थांबवायला त्या एका 'नाही'शिवाय माझ्याकडे दुसरं काय असतं?

म्हणून कलाकाराशी पहिल्याच भेटीत एक अट घालते: मला खरं सांगायचं. काय बाहेर जाईल ते आपण मिळून ठरवू, पण तुम्ही माझ्यापासून लपवलंत तर माझ्या तोंडून नकळत खोटं बोलवून घ्याल. मुलाखतींच्या दिवशी, म्हणजे जंकेटला, पत्रकार एकामागून एक आत येतात आणि प्रत्येकाला मोजकी मिनिटं मिळतात. समजा एखाद्या अभिनेत्रीचा घटस्फोट झालेला आहे. त्याबद्दल ती बोलणार नाही, असं मी आधीच सांगून ठेवते. तरी कुणी विचारलंच, तर मुलाखत तोडत नाही. "याचं उत्तर मी देणार नाही," हे तिनेच म्हणावं, आणि ते शांतपणे म्हणायची तयारी मी तिच्याकडून करून घेते. छापण्याआधी लेख दाखवा, असं मी कुणाला म्हणत नाही. चुकीची तारीख किंवा नाव दुरुस्त करायला सांगते, मत बदलायला नाही.

खोटेपणापेक्षाही मला ज्याची चीड येते त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. कलाकारापर्यंत पोहोचायचं दार आमच्या हातात असतं. २०२१ साली हॉलिवूडचे गोल्डन ग्लोब पुरस्कार देणाऱ्या पत्रकार संघटनेत एकही कृष्णवर्णीय सदस्य नसल्याचं समोर आलं. तेव्हा शंभराहून अधिक प्रसिद्धी संस्थांनी एकत्र येऊन कळवलं, की खरा बदल होईपर्यंत आमचे कलाकार तुमच्या कार्यक्रमांना येणार नाहीत. पुढे एनबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीनेही २०२२ चा सोहळा दाखवायचं नाकारलं. हा नकार उघड होता आणि त्याचं कारणही सगळ्यांना सांगितलेलं होतं. पण हेच दार एखाद्या समीक्षकाने चित्रपट वाईट म्हटला म्हणून त्याच्या तोंडावर बंद केलं जातं. पुढच्या खेळाचं निमंत्रण नाही, मुलाखत नाही, फोन उचलायचा नाही. यात कुणी एक शब्दही खोटं बोललेलं नसतं, तरी ते खोट्याइतकंच वाईट आहे. ज्याने मनापासून लिहिलं त्याला त्याची शिक्षा होते, आणि ते पाहून बाकीचे सांभाळून लिहू लागतात.

खोटं बोलायला कुणी सांगतच नाही का? सांगतात. आधी मी गप्प राहण्याचा पर्याय समजावते, आणि बहुतेकांना तो पटतो, कारण खोटं उघडं पडलं तर चेहरा त्यांचाच छापून येणार असतो. ज्यांना पटत नाही त्यांचं काम मी सोडते.