पेनी रेड: ११८ प्लेट झाल्या, एक तिकीट अजून अडलंय

पेनी रेड म्हणजे ब्रिटनचं एक पेनीचं लाल टपाल तिकीट आणि प्लेट म्हणजे ते छापायचा धातूचा पत्रा. प्रत्येक प्लेटचं एक तिकीट जमवायचा माझा खटाटोप चाललाय. आधी हिशोब. १८६४ पासून निघालेल्या, बाजूच्या जाळीदार नक्षीत प्लेट नंबर असलेल्या पेनी रेडचे नंबर ७१ ते २२५. त्यांतल्या ७५, १२६ आणि १२८ वापरल्याच गेल्या नाहीत. ७७ इतकी दुर्मीळ, की तिचं नाव आपल्यासारख्यांनी काढू नये. उरल्या १५१, पैकी माझ्याकडे ११८.

गेल्या नोंदीत ११२ लिहिल्या होत्या, ते चुकलं. १८३ म्हणून लावलेलं तिकीट १८८ निघालं, आणि १८८ माझ्याकडे आधीपासून होतंच! चूक सरळ आळसाची: फक्त डावीकडचा नंबर वाचला. त्यावर शिक्क्याची काळी रेघ होती आणि आठाची एक बाजू तिच्याखाली गेली होती. उजवीकडे तोच नंबर स्वच्छ दिसत होता. आता दोन्ही बाजू दहापट भिंगातून वाचल्याशिवाय तिकीट अल्बममध्ये जात नाही. शिक्का फारच गडद असेल तर स्कॅन करून फक्त लाल चॅनल बघतो. त्यात तिकिटाची शाई फिकी पडते आणि शिक्का तेवढा उरतो, म्हणजे कुठली रेघ कुणाची ते कळतं.

मधे एकदा ‘७७’ दिसलं. हात थरथरला, खोटं कशाला बोलू. उजवीकडे १७७. डावीकडचा एक शिक्क्याखाली दडला होता. १७७ मधला एक खरवडून ७७ बनवणारे महाभाग आहेतच, इथे ते काम पोस्टानेच फुकटात केलं होतं.

पण हे सगळं नंबर वाचणं झालं. खरी डोकेफोड जुन्या, दाते नसलेल्या पेनी रेडमध्ये. तिथे प्लेट नंबर तिकिटावर नसतोच, फक्त खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं. डावं अक्षर शीटमधली ओळ सांगतं, उजवं ओळीतली जागा. माझ्याकडच्या तिकिटावर एम आणि एच आहेत: तेरावी ओळ, आठवं तिकीट. शीटमधल्या २४० तिकिटांतली जागा अशी लगेच सापडते, पण प्रत्येक प्लेटला एक एम-एच असतोच. आपल्याला तारतं ते एवढंच, की ही अक्षरं कारागिराने हाताने, पंच ठोकून उमटवलेली. एका प्लेटवर ४८० ठोके. कुठे अक्षर चौकटीत खाली बसतं, कुठे कलतं, कुठे दोनदा पडतं.

माझ्या तिकिटातला एच डाव्या भिंतीला जवळजवळ टेकलाय आणि त्याच्या उजव्या पायाशी बारीक सावली आहे, दुसऱ्या ठोक्याची असावी. एम मात्र अगदी मधोमध. कागद चांगलाच निळसर. शिक्का माल्टीज क्रॉसचा, म्हणजे क्रुसासारख्या नक्षीचा, काळा. १८४१ मध्ये लाल तिकिटं आली तशी शिक्क्याची शाई काळी झाली आणि १८४४ पासून आकड्यांचे शिक्के आले, म्हणून नंतरच्या प्लेट मी बाजूला ठेवल्या. उरलेल्या प्लेटच्या एम-एच तिकिटांचे फोटो एकेक करून शेजारी धरले. एच डावीकडे सरकलेल्या दोन सापडल्या. त्यांतल्या एकीत एम खाली उतरलाय, म्हणजे ती नाही. दुसरीत एम जुळतो, पण फोटो इतका धूसर की एचच्या पायाशी सावली आहे की डाग, ठरवता येत नाही.

तोवर तिकीट वहीत, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकून. त्या जागेचा चांगला स्कॅन कुणाकडे असेल तर एचचा उजवा पाय तेवढा बघून सांगा.