संवाद ऐकू येईल अशी खोली

आमच्या जुन्या घरात दिवाणखान्यातच होम थिएटर मांडलेले होते, आणि तिथे चित्रपट पाहताना आई दर थोड्या वेळाने विचारत असे, “काय म्हणाला तो?” आवाज वाढवला की तिला संवाद कळत, पण पुढच्याच प्रसंगातल्या स्फोटाने किंवा पार्श्वसंगीताने ती दचके, कमी केला की पुन्हा तोच प्रश्न. हा वयाचा परिणाम असावा, असे मी बरेच दिवस धरून चालले होते. एकदा ती गावाला गेलेली असताना मी तिच्या खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकले, तेव्हा मलाही निम्मे शब्द नीट लागेनात. मधला स्पीकर टीव्हीखालच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, फळीच्या कडेपासून वीतभर आत ठेवलेला होता. त्याचा आवाज आधी त्या फळीवर आपटत होता आणि मग आमच्या गुडघ्यांच्या दिशेने जात होता.

त्याच संध्याकाळी मी तो स्पीकर कपाटाच्या वर घेतला, अगदी कडेला ओढला आणि पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे लावून त्याचे तोंड कानांच्या दिशेने उचलले. एक पैसाही खर्च न होता शब्द उघडे झाले. नव्या घरात चित्रपटांसाठी स्वतंत्र खोली करायचे ठरले, तेव्हा प्रत्येक वस्तू घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत गेले: आईच्या खुर्चीत संवाद स्पष्ट ऐकू येण्यासाठी या वस्तूचा उपयोग होणार आहे, की त्यात तिचा अडथळा होणार आहे?

खोली ५.४ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच आहे. हे आकडे मी उपकरणांच्या याद्या पाहण्याआधी लिहून काढले, कारण खालच्या खर्जाचे वागणे स्पीकरपेक्षा या तीन मापांवर जास्त अवलंबून असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्याला लांबीच्या दुपटीने भागले की त्या दिशेने खोली ज्या कंपनसंख्येला घुमते ती मिळते. माझ्या खोलीत लांबीमुळे सुमारे ३२, रुंदीमुळे ४८ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झवर हे घुमणे येते. तिन्ही आकडे वेगवेगळे आहेत, हे चांगले. खोली घनाकृती असती तर तिन्ही दिशांचे घुमणे एकाच स्वरावर येऊन तो एकच स्वर सगळ्यांवर स्वार झाला असता. अशी खोली मिळाली तर तिथे महाग सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) घेऊनही फारसे साधत नाही, असे माझे मत झाले आहे.

यानंतर खुर्च्यांची जागा ठरवली. मागच्या भिंतीला टेकून बसणे सोयीचे वाटते, पण भिंतीजवळ खर्ज सर्वांत जास्त साचतो आणि पुरुषी आवाजातले शब्द त्याखाली दबतात. खोलीच्या बरोबर मध्यावर उलट घडते, तिथे लांबीमुळे येणारा पहिला खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून खुर्च्या समोरच्या भिंतीपासून साडेतीन मीटरवर, म्हणजे लांबीच्या साधारण दोन तृतीयांशावर ठेवल्या. मागे दुसरी रांग करावी असा घरात आग्रह होता, आणि तो मोडून काढणे मला जड गेले. पण मागच्या रांगेतल्या चौघांना वाईट ऐकू येण्यापेक्षा तिघांना उत्तम ऐकू यावे, हेच मला योग्य वाटले. खुर्च्या निवडताना पाठ कानांच्या वर जाणार नाही हे पाहिले, कारण उंच पाठीमुळे मागून आणि बाजूने येणारा आवाज अडतो. त्यांना चामड्याऐवजी जाड कापडाचे आवरण घेतले, कारण चामडे वरचे स्वर परतवते.

चित्रपटांच्या ५.१ किंवा ७.१ मिश्रणात, म्हणजे पाच किंवा सात स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यात वाटलेल्या आवाजात, संवादाचा बहुतेक भाग मधल्या चॅनेलवर असतो, म्हणून माझा सर्वांत जास्त वेळ मधल्या स्पीकरवर गेला. क, त, स, श अशी व्यंजने आपण मुख्यतः १००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यामुळे ओळखतो, आणि स्वर जितका वरचा तितका तो सरळ रेषेत जातो. स्पीकरचे तोंड कानाकडे नसेल तर नेमकी व्यंजनेच हरवतात आणि उरतो तो नुसता सूर. बाजारात मिळणारे बहुतेक मधले स्पीकर आडवे असतात, दोन्ही टोकांना खालच्या स्वरांचा एकेक वूफर आणि मध्ये वरच्या स्वरांचा ट्वीटर. समोर बसणाऱ्याला ते चांगले ऐकू येतात, पण बाजूच्या खुर्चीपर्यंत दोन वूफरांचा आवाज वेगवेगळे अंतर कापून पोहोचतो, आणि मधल्या पट्ट्यातले काही स्वर एकमेकांना खोडून काढतात. हा दोष ऐकायचा असेल तर दुकानात बातम्यांसारखे साधे बोलणे लावावे आणि ते ऐकत स्पीकरसमोरून सावकाश डावीकडून उजवीकडे चालत जावे. आवाजाचा पोत जिथे बदलतो ती जागा कानाला लगेच कळते. आडवा स्पीकर घ्यावाच लागला तर ज्यात ट्वीटर आणि मधल्या स्वरांचा छोटा स्पीकर एकमेकांच्या वर-खाली बसवलेले असतात, असा तीन मार्गांचा, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळे वाजवणारा, घ्यावा.

मी मात्र पडद्याची निवडच या दृष्टीने केली. विणलेल्या कापडाच्या पडद्यातून आवाज आरपार जातो, त्यामुळे डाव्या-उजव्यासारखाच तिसरा उभा स्पीकर पडद्यामागे कानांच्या उंचीवर ठेवता आला, आणि बोलणाऱ्याच्या तोंडातूनच शब्द येऊ लागले. यासाठी पडदा समोरच्या भिंतीपासून ४० सेंटीमीटर पुढे घ्यावा लागला. असे कापड थोडा प्रकाश आणि अगदी वरचे स्वर किंचित खाते, पण रिसीव्हरवर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रावर, ते स्वर थोडे उचलता येतात, आणि तीन मीटरवरून वीण डोळ्यांना दिसत नाही. तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले आहेत, त्यामुळे पडद्यावर मोटार डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा तिचा आवाज वाटेत बदलत नाही.

पडदा १०० इंची आहे, म्हणजे सुमारे २.२१ मीटर रुंद. आमच्या ३.१ मीटर अंतरावरून तो डोळ्यांसमोर जवळपास ४० अंशांचा कोन व्यापतो. चित्रपटात गुंतून जायला हा कोन भरपूर होतो. याहून मोठा घेण्याचा मोह मी टाळला, कारण पहिल्या तासाभरातच मान सतत फिरवावी लागते.

प्रोजेक्टरच्या बाबतीत जाहिरातींमधल्या लुमेनच्या, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाच्या, आकड्यांनी गोंधळ होतो. डिजिटल चित्रपटगृहांसाठी पडद्यावरची तेजस्विता प्रति चौरस मीटर ४८ कँडेला धरली जाते. माझ्या पडद्याचे क्षेत्रफळ २.७५ चौरस मीटर असल्याने, साध्या पांढऱ्या पडद्यासाठी हिशेब ४१५ लुमेनच्या आसपास येतो. विणीतून जाणारा प्रकाश धरला तरी ५०० ते ५५० पुरतात. खोक्यावरचे दोन-तीन हजार लुमेन सर्वांत भडक मोडमधले असतात, आणि रंग अचूक असलेल्या मोडमध्ये ते बरेच उतरतात, तरीही पूर्ण काळोखी खोलीत उजेडाची टंचाई सहसा पडत नाही. तिथे टंचाई असते ती काळ्या रंगाची. म्हणून मी पाहिलेल्या यंत्रांवर रात्रीचा एक प्रसंग लावून काळा कोट आणि काळी भिंत वेगळी दिसते का, हे बघितले. खोलीत काळोख करणे शक्यच नसेल, तर प्रोजेक्टरचा नाद सोडून मोठा टीव्ही घेणे शहाणपणाचे.

इथेही संवादाचा प्रश्न पुन्हा आला. अनेक प्रोजेक्टरांना पडद्याच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतर लागते. माझ्या हिशेबाने ते ३.३ मीटर, म्हणजे बरोबर आईच्या डोक्यावर. पंख्याची सततची घरघर तिथे टांगली असती तर हळू आवाजातले संवाद तिच्यात बुडाले असते. म्हणून रुंदीच्या दुपटीपर्यंत झूम जाणारी लेन्स असलेले यंत्र शोधले आणि ते मागच्या भिंतीजवळ, पडद्यापासून सुमारे साडेचार मीटरवर बसवले. लेन्स वर-खाली सरकवण्याची सोय त्यात आहे, हेही पाहून घेतले, कारण ती नसली की तिरके पडलेले चित्र चौकोनी करण्यासाठी कीस्टोन ही डिजिटल दुरुस्ती वापरावी लागते, आणि त्यात चित्र आकुंचित होऊन बरेच पिक्सेल वाया जातात.

भिंतींचे काम एका रविवारी झाले. आई तिच्या खुर्चीत बसली आणि मी हातभर आरसा बाजूच्या भिंतीला टेकवून सावकाश पुढे सरकवत गेले. आरशात तिला समोरचा स्पीकर दिसला की ती “दिसला” म्हणे, आणि मी तिथे पेन्सिलने फुली मारी. ज्या जागी स्पीकर दिसतो त्याच जागेवरून त्याचा आवाज भिंतीला लागून पहिल्यांदा परततो, आणि मूळ शब्दानंतर काही सहस्रांश सेकंदांनी कानात शिरून त्याच्या कडा बोथट करतो. दोन्ही भिंतींवर आणि छतावर मिळून नऊ फुल्या झाल्या. सुताराकडून लाकडी चौकटी करून घेऊन त्यांत १० सेंटीमीटर जाडीची रॉकवूल (दगडापासून केलेल्या तंतूंची लोकर) भरली, आवाज जाऊ देणारे कापड ताणून बसवले आणि भिंतीपासून थोडी जागा सोडून त्या फुल्यांवर टांगल्या. अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा बोटभर जाडीचा फोम यासाठी घेऊ नये. तो फक्त वरचे स्वर शोषतो, आणि खोली एकाच वेळी मिटलेली आणि घुमणारी अशी दुहेरी वाईट होते. सगळी भिंत झाकण्याचीही गरज नाही. मागचा भाग मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे.

पडद्याजवळचा दीड मीटर भाग आणि त्यावरचे छत गडद, चमक नसलेल्या राखाडी रंगात रंगवले, नाहीतर पडद्यावरचा प्रकाश भिंतींवरून परत पडद्यावर पडून काळा रंग फिका करतो. खोली कोंदट वाटेल ही आईची तक्रार रास्त होती, म्हणून खुर्च्यांमागच्या भिंतींना उबदार बदामी रंग दिला.

सबवूफर एक मोठा घेण्याऐवजी दोन मध्यम घेतले. एकाने खर्जाचा जोर येतो, पण दोघांनी तो सगळ्या खुर्च्यांवर सारखा पसरतो. जागा शोधण्याची जुनी युक्ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे: सबवूफर खुर्चीच्या जागी ठेवून खर्जाचे संगीत लावायचे आणि भिंतींच्या कडेने रांगत जाऊन कान जमिनीजवळ नेत ऐकायचे. जिथे सूर गाजत नाही आणि नाहीसाही होत नाही, तिथे सबवूफर ठेवायचा. आमच्याकडे एक समोरच्या आणि दुसरा मागच्या भिंतीच्या मध्याजवळ उत्तम बसला. ८० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग या दोघांकडे सोपवला आहे.

रिसीव्हर निवडताना वॉटच्या आकड्यामागे धावण्याचे कारण नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच शक्तीत जास्त मोठा वाजणारा, स्पीकर घेतला तर तेवढाच फरक फुकटात मिळतो. मायक्रोफोन लावून खोलीनुसार आवाज जुळवण्याची सोय, आणि प्रत्येक चॅनेलची पातळी वेगळी बदलण्याची मुभा मात्र असायलाच हवी. मी मधला चॅनेल २ डेसिबलने वर ठेवते, आणि रात्री उशिरा मोठा व हळू आवाज यांतले अंतर कमी करणारा मोड लावते.

वायरिंगबद्दल एवढेच सांगते की भिंतीत केबल गाडू नये, पाइप गाडावा. जुन्या घरात एचडीएमआय केबल थेट प्लास्टरमध्ये पुरली गेली होती. पुढे जास्त क्षमतेची केबल लागली तेव्हा भिंत फोडावी लागली. आता रुंद पाइपमध्ये ओढण्यासाठी एक दोरी कायम सोडली आहे. २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ ची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे, आणि एवढ्या वेगाला लांब अंतरावर तांब्याची साधी केबल पुरत नाही. ऑप्टिकल केबल घेतली तर तिला दिशा असते हे विसरू नये: एक टोक रिसीव्हरकडचे, दुसरे प्रोजेक्टरकडचे, आणि ते पाइपमध्ये ओढण्याआधी तपासायचे. स्पीकरांसाठी २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर घेतली. वरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी ॲटमॉससाठी छतात चार वायरी ओढून ठेवल्या आहेत, स्पीकर पुढे कधीतरी.

राहिला आहे तो दरवाजा. रॉकवूलच्या चौकटी खोलीतला आवाज सुधारतात, बाहेर जाणारा अडवत नाहीत. त्यासाठी जड, भरीव दार आणि फटी बंद असणे लागते. दार भरीव बसवले आहे, पण खाली बोटभर फट अजून तशीच आहे आणि तिच्यातून स्वयंपाकघरातला मिक्सर सरळ आत येतो. तिथे बसवायची, दार लागले की आपोआप खाली उतरणारी रबरी पट्टी आणून ठेवली आहे. सुतार येत्या शनिवारी येणार आहे.